बटण दाबल्यावर काय व्हावं

मास्तरांनी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं. मग जरा जोर लावून दाबलं, कारण ज्याचं सगळं आयुष्य टाइपरायटर शिकवण्यात गेलं त्याचा जोरावर फार विश्वास असतो. मग माउस उचलून त्याच्या पोटाकडे पाहिलं, फुंकर मारली, खाली ठेवला आणि परत दाबलं. पडद्यावर एक करडं चौकोनी बटण होतं. त्यावर 'सुरू करा' असं मास्तरांनीच लिहिलेलं होतं. दाबलं की ते थोडं आत जायचं आणि बाहेर यायचं. म्हणजे नखरे सगळे होते, सुरू मात्र काहीच होत नव्हतं.

"घ्या," मास्तर म्हणाले, "पहिल्याच दिवशी बिघडलं."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्यांची बायको टाइपरायटरांच्या खोळी झटकत होती. मास्तरांची बायको म्हणून तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, आणि तेवढं म्हणायला दम लागतो म्हणून नुसतंच बाई. बाई हातातली खोळ तशीच घेऊन आल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

"दाबल्यावर काय करायचं ते त्याला सांगितलंय का?"

"हे काय, वर लिहिलंय की! सुरू करा."

"लिहिलंय हो. सांगितलंय का?"

"लिहिणं आणि सांगणं यात फरक काय?"

"फरक कसा नाही? तुमच्या पाठीवर 'नवरा' असं लिहून भागलं असतं, तर मला जन्मभर एवढी बडबड करावी लागली असती का?"

मास्तरांना हे लागलं. पण खरं दुःख पुढेच होतं, कारण बाईंनी तिथल्या तिथे आपल्या धाकट्या भावाला फोन लावला, आणि तो कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला मेहुणा अगदी तेच म्हणाला.

"दाजी, बटण म्हणजे नुसतं चित्र. ते दाबलं की इव्हेंट होतो. इव्हेंट झाल्यावर काय करायचं, ते तुम्ही कोडमध्ये लिहायचं. नाही लिहिलं तर ते बिचारं दाबून घेतं आणि गप्प बसतं. मी करून देऊ का? एका दुपारचं काम आहे."

"नको," मास्तर म्हणाले आणि फोन बायकोच्या हातात कोंबला.

नको म्हणण्यामागे कारण होतं. हा मेहुणा ऐन तारुण्यात याच खोलीत, याच मास्तरांकडे टायपिंगला बसला होता आणि दोनदा नापास झाला होता. अजूनही तो दोन बोटांनी कळा शोधत टाइप करतो, आणि त्या दोन बोटांवर त्याचं उत्तम चाललं आहे. ज्याला आपण नापास केलं, त्याच्याकडून परीक्षेचं यंत्र करून घ्यायचं? मास्तरांच्या मानानं याला साफ नकार दिला. मान ही अशी वस्तू आहे की तिचं काम सोडून बाकी सगळं ती अडवते.

आता परीक्षेचं यंत्र म्हणजे काय, ते सांगायला हवं. परीक्षा मंडळाचं पत्र आलं होतं. टाइपरायटरवरच्या परीक्षा संपल्या. यापुढे ज्या संस्थेकडे स्वतःची 'प्रतिसादक्षम संगणकीय चाचणी प्रणाली' असेल, त्याच संस्थेला मान्यता. साहेब स्वतः येऊन बघणार, आणि त्यांनी नाही म्हटलं की संस्थेचं दार बंद. मास्तरांना टायपिंगशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि नवीन काही शिकून पोट भरावं असं वयही राहिलं नव्हतं. विद्यार्थी तर आधीच आटले होते. वर्गात ओळीनं मांडलेल्या टाइपरायटरांवर खोळी चढवलेल्या असत. सकाळी मास्तर एकेकाची खोळ काढत, संध्याकाळी परत घालत, आणि मधल्या वेळात बहुतेकांना कुणी हातही लावत नसे. तरी रोज उघडायला एक दार होतं. ते गेलं, की दिवसभर घरात बाईंच्या पायात पायात यायचं.

'प्रतिसादक्षम' म्हणजे नक्की काय, हे विचारायला मास्तर मंडळाच्या कचेरीत गेले. पहिल्या खिडकीवरच्या कारकूनबाईंनी मान वर न करता दुसरी खिडकी दाखवली. दुसऱ्या खिडकीवरचा माणूस जागेवर नव्हता, त्याचा कोट होता. कोटाकडे बघत मास्तर बराच वेळ उभे राहिले. शेवटी आतल्या खोलीतले एक अधिकारी भेटले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मास्तर थांबल्यावर आणखी थोडा वेळ शांत राहिले, आणि मग म्हणाले, "बरं."

"बरं म्हणजे काय साहेब? प्रतिसाद म्हणजे काय धरायचं?"

"ते पत्रात आहे."

"पत्रात नुसता शब्द आहे."

"मग बरोबर आहे," अधिकारी म्हणाले आणि पुढचा कागद ओढला.

घरी येताना मास्तरांना वाटलं, या लोकांच्याही मागे कुणी कोड लिहायला विसरलं असावं.

असो. मास्तर हट्टाला पेटले. 'नवशिक्यांसाठी' असं ठळक छापलेलं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्याच्या पहिल्याच पानावर 'हे अगदी सोपं आहे' असं लिहिलं होतं. असलं वाक्य लिहिणाऱ्या माणसाला भर चौकात उभं करून जाब विचारायला हवा. तरी आठवडाभर मान मोडून त्यांनी बटणाच्या मागे दोन ओळी लिहिल्या, आणि एका सकाळी बटण दाबल्याबरोबर पडद्यावर 'नमस्कार' अशी अक्षरं उमटली.

मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. उलट नमस्कार करायला त्यांचे हात जवळजवळ जुळले होते. बाईंनी ते पाहिलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. संसारात काही ठिकाणी गप्प बसावं लागतं.

नमस्कार झाला, आता परीक्षा. पडद्यावर एक मोठी चौकट ठेवायची, तिच्यात उमेदवारानं टाइप करायचं. परीक्षेचा उतारा प्रोग्रॅमच्या पोटात. मास्तर वाचत गेले आणि बाई एका बोटानं तो उतारा आत घालत गेल्या, कारण दिवसभर पुस्तकात डोकं घालून मास्तरांचे डोळे दुखायला लागले होते. आता उमेदवाराची चूक कधी दाखवायची, हा प्रश्न आला. मेहुण्याचं म्हणणं, सगळं झाल्यावर शेवटी दाखवा. मास्तर उसळले.

"शेवटी? माझ्या वर्गात मी चूक शेवटी सांगतो का? अक्षर चुकलं की त्याच क्षणी पाठीमागून आवाज यायला हवा!"

आणि ते खरंच होतं. मास्तरांचा वर्गातला आवाज पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठीत बसलेला होता. तेव्हा पुस्तकात शोधशोध शोधून त्यांनी अशी सोय काढली की चौकटीत एकही अक्षर बदललं, की प्रोग्रॅम ताबडतोब उताऱ्याशी ताडून बघेल. चुकलं तर 'चूक आहे!' असा खलिता समोर येईल, घंटा वाजेल आणि चौकट पुसली जाईल. पहिल्यापासून करा लेको!

करून पाहिलं. मास्तरांनी मुद्दाम एक अक्षर चुकवलं. 'चूक आहे!' घंटा वाजली. मास्तर प्रसन्न झाले. त्यांनी 'ठीक' दाबलं. 'चूक आहे!' पुन्हा घंटा. पुन्हा 'ठीक'. 'चूक आहे!' मास्तर दाबताहेत, ते सांगतंय. मास्तरांनी हात काढून घेतले, खुर्ची मागे सरकवली, तरी समोर 'चूक आहे!' तसंच. माणूस बघून तरी थांबतो, हे थांबेना. झालं होतं असं, की चूक झाली म्हणून प्रोग्रॅम चौकट पुसत होता. पुसली म्हणजे चौकट बदलली. बदलली म्हणून पुन्हा ताडून बघत होता. रिकामी चौकट उताऱ्याशी जुळत नाही, म्हणून पुन्हा चूक. स्वतःच पुसायचं आणि स्वतःच ओरडायचं. असल्या स्वभावाची माणसं मास्तरांनी पाहिली होती, पण आपल्याच हातून एक तयार होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

घंटा मात्र घणघणत होती. पलीकडे होमिओपॅथीच्या डॉक्टरांचा दवाखाना, मध्ये फक्त लाकडी पडदी. डॉक्टर धावत आले.

"मास्तर, अहो, मी पेशंटला सांगतोय की मन शांत ठेवा, आणि भिंतीतून सारखं टुंग, टुंग! त्याला वाटलं, त्याच्याच डोक्यात वाजतंय. नवीन लक्षण म्हणून मी लिहूनसुद्धा घेतलं!"

मास्तरांनी खजील होऊन स्पीकरची वायरच उपटली. परत म्हणून लावली नाही. आवाज बंद झाला, एवढ्यावर डॉक्टर खूश झाले आणि जाता जाता सल्ला देऊन गेले की बटणाचा रंग करडा ठेवू नका, फिकट हिरवा ठेवा, नजरेला बरा. सल्ला देताना डॉक्टरांचा हात कायम सैल असे. मास्तरांनी बटण फिकट हिरवं केलं. आता ते आजारी दिसायला लागलं.

तो गोंधळ शेवटी निस्तरला बाईंनी. जिन्यात उभं राहून त्यांनी हळू आवाजात भावाशी बोलून घेतलं आणि येऊन, जसं काही आपल्यालाच सुचलं अशा थाटात, नवऱ्याला म्हणाल्या, "चूक पुसणं ही चूक धरू नका, एवढंच सांगा ना त्याला." मास्तरांनी तसं लिहिलं आणि प्रोग्रॅमनं ते ऐकलं. जिन्यातला फोन मास्तरांना कळला नाही असं नाही. पण कळलं म्हणून कबूल केलं पाहिजे असं कुठे आहे?

मग जिन्याच्या तोंडाशी टेबल टाकून बसणारा विमा एजंट आला. त्याला कुणी बोलावलेलं नव्हतं, पण त्याचा धंदाच तो. सगळं बघून त्यानं मान हलवली.

"मास्तर, यात विचारणा नाही. चूक झाली म्हणून एकदम सगळं पुसून टाकलं, तर उद्या उमेदवार कोर्टात जाईल. चूक झाली की विचारायचं, चाचणी संपवायची का? होय म्हटलं की पुन्हा विचारायचं, खात्री आहे का? आणि होय म्हटलं की मगच निकाल. आमच्याकडे माणूस मेला तरी आम्ही तीनदा विचारतो."

मास्तरांना हे पटलं. सभ्य माणसाला परवानगी विचारणं नेहमीच पटतं. त्यांनी पुसण्याचं काढून टाकलं आणि त्याजागी खिडक्या बसवल्या. चूक झाली की पहिली खिडकी, चाचणी संपवायची का? मग दुसरी, खात्री आहे का? मग तिसरी, निकालाची. निकाल झाला की चौकट मंद करडी व्हायची, म्हणजे दिसायची पण तिच्यात काही लिहिता यायचं नाही, आणि कळफलकाचा ताबा परत 'सुरू करा'कडे यायचा. या भरात एकदा त्यांनी 'बंद करा' हे बटणही चुकून करडं करून टाकलं आणि आपल्याच प्रोग्रॅममध्ये कोंडून बसले. बाहेर पडायला वाट नाही. शेवटी कॉम्प्युटरची पिनच काढावी लागली, आणि आदल्या दिवसाचं सगळं काम तिच्याबरोबर गेलं. मास्तर दुपारभर भिंतीकडे तोंड करून बसले होते. जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाले, "तुम्ही जेवून घ्या." घरात आणखी कुणीच नव्हतं, पण फार वाईट वाटलं की मास्तर बायकोलाही 'तुम्ही' म्हणत.

एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून आवडली होती. या खिडक्यांवरची बटणं माउसनंच दाबावी लागतात असं नाही. स्पेसबार दाबला तरी समोरचं बटण दाबलं जातं. म्हणजे बोटं कळांवरून उचलायची गरजच नाही! ज्यानं हे ठरवलं तो कधीतरी टायपिंगच्या वर्गात बसला असणार, असं मास्तर ज्याला त्याला सांगत होते. म्हणून प्रत्येक खिडकीत 'होय'च आधी तयार राहील, स्पेस मारला की काम झालं, अशी खास व्यवस्था त्यांनी करून ठेवली.

तपासणीच्या आधी बाईंनी पूर्ण उतारा टाइप करून पाहिला. हळूहळू, दोन बोटांनी, प्रत्येक अक्षर पडद्यावर उमटलेलं बघत. पास झाल्या. मास्तरांनी स्वतः नुसत्या चुका करून पाहिल्या. एक अक्षर बरोबर, एक चूक, खिडकी येते का बघ, गेली का बघ. पूर्ण उतारा आपण टाइप करून पाहावा, असं त्यांच्या मनातही आलं नाही. पोहणारा आपल्याला पोहता येतं का हे बघायला विहिरीत उतरत नाही.

साहेब आले. बारीक चणीचे, थकलेले, सर्दी झालेले. अशा कितीतरी संस्था बंद करून आले असावेत, कारण खुर्चीवर बसताना त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं. चहा नको म्हणाले. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. चहा नाकारणारा अधिकारी म्हणजे निकाल आधीच लागलेला असतो, असा त्यांचा अनुभव होता.

साहेबांनी 'सुरू करा' दाबलं, सुरू झालं. एक अक्षर चुकवलं, खिडकी आली. 'होय' म्हटलं, पुन्हा विचारलं गेलं. साहेबांनी नाक पुसलं आणि पहिल्यांदाच मास्तरांकडे पाहिलं.

"हे तुम्ही केलंत? स्वतः?"

"स्वतः," मास्तर म्हणाले. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"चांगलं आहे. प्रतिसाद देतंय. आता नियमाप्रमाणे केंद्रचालकांनी स्वतः चाचणी द्यायची. पास झालात की मी सही करतो."

मास्तर हसले. गेल्या कित्येक महिन्यांत असं हसू त्यांच्या तोंडावर आलं नव्हतं. टायपिंगची परीक्षा! त्यांची! साहेबांनी उताऱ्याचा छापील कागद डावीकडे ठेवला. मास्तरांनी बाह्या सारख्या केल्या, पाठ ताठ केली, बोटं कळांवर ठेवली आणि नजर कागदावर लावली. टायपिस्टची नजर कागदावरून हलत नाही. आपण काय टाइप केलं हे जो बघतो, तो टायपिस्टच नाही, हे त्यांनी किती जणांच्या टाळक्यात घातलं होतं. साहेबांनी खूण केली. बोटं सुटली.

काय ती बोटं! पहिली ओळ सरसर गेली. ओळ संपली आणि करंगळीनं सवयीनं एंटर मारला.

टाइपरायटरवर ओळ संपली की गाडा मागे ढकलावाच लागतो, नाहीतर पुढची अक्षरं कागदाबाहेर जातात. कॉम्प्युटरवर ओळ आपोआप खाली जाते. बाईंनी उतारा घातला तो तसाच, सलग, एकही एंटर न मारता. त्यामुळे प्रोग्रॅमच्या हिशेबानं मास्तरांची करंगळी ही चूक होती. खिडकी आली. चूक झाली आहे, चाचणी संपवायची का?

मास्तरांनी पाहिलं नाही. त्यांची नजर कागदावर होती, आणि घंटेची वायर केव्हाच उपटलेली होती. त्यांनी पुढचा शब्द टाइप केला, तो खिडकीवर आपटून विरून गेला, आणि शब्दापुढचा स्पेस मारला. होय. दुसरी खिडकी. खात्री आहे का? आणखी एक शब्द, आणखी एक स्पेस. होय. आपण अनुत्तीर्ण आहात. पुढचा शब्द, स्पेस. ठीक. ताबा गेला 'सुरू करा'वर, तिथेही स्पेस, आणि कोरी करकरीत परीक्षा पुन्हा सुरू झाली. उताऱ्याच्या मधलं अक्षर नव्या परीक्षेच्या सुरुवातीला पडलं, ती चूक, पुन्हा खिडकी. दर चार-पाच शब्दांना मास्तर नापास होत होते. परवानगी विचारून, खात्री करून घेऊन, रीतसर नापास होत होते.

साहेब वाकून पडद्याकडे बघत होते. बाई मागे उभ्या होत्या. खिडक्या येत होत्या आणि जात होत्या. मास्तर मात्र वेगळ्याच जगात होते. सगळी खोली टकटकीनं भरून गेली होती. पलीकडे डॉक्टरांचं बोलणं थांबलं. जिन्याशी बसलेला एजंट उठून दारात येऊन उभा राहिला. मास्तर किंचित डोलत होते, ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मधेच एक अवघड जोडाक्षरांची ओळ आली, तिच्यावरून त्यांची बोटं अशी गेली की एजंटानंसुद्धा 'वा' म्हणायला तोंड उघडलं आणि मग पडद्याकडे बघून मिटलं.

शेवटचं अक्षर पडलं. मास्तरांनी हात मांडीवर ठेवले, क्षणभर डोळे मिटून घेतले आणि मान वर केली.

पडद्यावर लिहिलं होतं, आपण अनुत्तीर्ण आहात.

मास्तरांनी कागद पाहिला, पडदा पाहिला, मग आपली बोटं पाहिली.

"हे... काहीतरी बिघडलंय," ते म्हणाले.

"नाही हो मास्तर," साहेब म्हणाले. ते पहिल्यांदाच मास्तर म्हणाले. "बिघडलेलं काही नाही. सगळं सांगितल्याबरहुकूम चाललंय. चूक पकडली, विचारलं, खात्री केली, निकाल दिला. एवढी नीट प्रणाली मी या भागात पाहिलेली नाही. मान्यता द्यायला मला काहीच अडचण नाही. फक्त..." त्यांनी नाक पुसलं. "केंद्रचालक नापास झालेत."

"मी बत्तीस वर्षं शिकवतोय."

"ते दिसलं मला. असं टायपिंग मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पण काय करू, माझ्याकडे बोटांसाठी रकाना नाही." साहेबांना खरंच वाईट वाटत होतं. "संस्थेत आणखी कुणी आहे?"

कुणीच नव्हतं. म्हणजे बाई होत्या. बाई नको नको म्हणाल्या. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. दार बंद होणं म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बस," मास्तर म्हणाले आणि उठून आपली खुर्ची रिकामी करून दिली.

बाई बसल्या. उतारा त्यांच्याच बोटानं आत गेलेला, त्यामुळे तोंडपाठ होता. दोन बोटांनी, एकेक अक्षर उमटलेलं बघत, जीभ दातात धरून त्या टाइप करत गेल्या. कसला वेग आणि कसलं काय! हे बघणं मास्तरांना सहन होईना. त्यांची मनगटं खाली पडली होती, कोपरं पसरली होती, अशा विद्यार्थ्याला त्यांनी वर्गात फिरकू दिलं नसतं. परीक्षेला लागणाऱ्या किमान वेगाची रेघ बाईंनी कशीबशी ओलांडली. एकही खिडकी आली नाही. आपण उत्तीर्ण आहात.

साहेबांनी सही केली. केंद्रचालक म्हणून बाईंचं नाव लागलं. मास्तरांना पुढच्या सत्रात उमेदवार म्हणून पुन्हा बसता येईल असं सांगितलं, मग आता चहा चालेल म्हणाले, आणि दोन घोटात पिऊन निघून गेले. डॉक्टर येऊन मास्तरांचं अभिनंदन करून गेले. एजंट म्हणाला, "बघा, मी म्हणत होतो ना, विचारणा हवी." मास्तरांनी दोघांचेही आभार मानले. माणूस पार खचला की फार सौजन्यानं वागतो.

सगळे गेले. दुपारचं ऊन खोलीत आडवं पडलं होतं. मास्तर भिंतीशी ठेवलेल्या बाकावर बसले, विद्यार्थी आपला नंबर येईपर्यंत बसतात त्या.

"मी एवढं सगळं टाइप केलं," ते म्हणाले, "ते गेलं कुठे?"

"कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "पहिली ओळ होती. मग तीही गेली."

"तू बघत होतीस?"

"हो."

"सगळं?"

"हो."

"मग हाक का नाही मारलीस?"

"परीक्षा चालू होती ना."

"हे साहेबाला सांग. मला खरं सांग."

बाई खुर्चीतच बसल्या होत्या. उठून नवऱ्याशेजारी जाऊन बसावं असं त्यांना वाटत होतं, पण त्या उठल्या नाहीत.

"तुमच्या तोंडाकडे बघत होते मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढे खुशीत शेवटचे कधी दिसलात, ते आठवून बघत होते. आठवेना. म्हटलं, पान संपेपर्यंत तरी असू दे."

मास्तरांनी मांडीवरची बोटं एकदा सरळ केली आणि विचारलं, "वेग कसा होता?"

"फार छान होता हो," बाई म्हणाल्या. "साहेबसुद्धा शेवटी शेवटी पडद्याकडे बघायचे सोडून तुमच्या बोटांकडे बघत होते."

मास्तरांनी मान हलवली. बाकावर सरळ बसले. शर्टाच्या बाह्या परत खाली केल्या, गुंड्या लावल्या.

"उद्या वर्ग किती वाजता लावायचा?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणालाही विचारला नव्हता. बाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

"सातला," त्या म्हणाल्या.

"बरं," मास्तर म्हणाले.